आरांचाताई, तुम्ही परतवलेल्या प्रत्येक चेंडूसाठी

प्रिय आरांचा सांचेझ व्हिकारिओ,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरची. शाळेत असताना टेनिस खेळायचे, आता लहान मुलींना शिकवते. तुमच्यापुढे मी अगदी परकी, तरी ताई म्हणते, कारण एका अडचणीच्या वेळी तुम्हीच माझ्या बाजूने उभ्या होतात. ‘हिची उंची बघा, हिच्या सर्व्हिसला कधी जोर यायचा नाही, उगाच पैसे घालवू नका,’ असं कुणीतरी माझ्या घरी सांगितलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण टीव्हीवर तुम्ही होतात, स्पेनच्या टेनिसपटू. पाच फूट सहा-सात इंच उंचीच्या, धिप्पाड खेळाडूंच्या मानाने ठेंगण्याच. सर्व्हिसही तोफेसारखी नव्हे. तरी समोरचीला एक गुण घ्यायचा तर तोच गुण तीनदा जिंकावा लागायचा!

१९८९ची फ्रेंच ओपनची फायनल मी पुढे कित्येकदा पाहिली. तुम्ही सतरा वर्षांच्या. समोर स्टेफी ग्राफ, लागोपाठ पाच ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकून आलेली. तिसऱ्या सेटमध्ये ती ५-३ने पुढे, सर्व्हिस तिचीच. तिथून तुम्ही सलग चार गेम घेतलेत आणि ७-६, ३-६, ७-५ असा सामना काढलात. पॅरिसमध्ये एकेरीचं विजेतेपद मिळवणारी पहिली स्पॅनिश स्त्री! ती शेवटची पंधरा-वीस मिनिटं मी माझ्या मुलींना दाखवते आणि सांगते, चेंडूकडे नको, ताईंच्या पायांकडे बघा. फटका मारून झाला की त्या बघत उभ्या राहत नाहीत, लगेच मधोमध परत येतात.

लोक म्हणायचे, ही नुसती पळते. मला त्याचा फार राग यायचा, अजूनही येतो. नुसतं पळून कुणी १९९५मध्ये एकेरी आणि दुहेरी दोन्हींत एकाच वेळी जगात पहिलं होतं का? चेंडू कुठे पडणार हे समोरचीच्या खांद्यावरून ओळखायचं, उंच चेंडू टाकून तिला मागे रेटायचं, मग हळूच जाळीजवळ सोडायचा. ही सगळी अक्कलहुशारी. चार एकेरी ग्रँड स्लॅम आणि दुहेरीचे ढीगभर किताब अक्कल गहाण टाकून मिळत नाहीत.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत, कुणाला ती क्षुल्लक वाटेल. पहिली सर्व्हिस चुकली तर लागणारा दुसरा चेंडू तुम्ही कमरेला मागच्या बाजूला क्लिपमध्ये अडकवायच्यात. माझाही बॅकहँड दोन हातांचा, म्हणजे चेंडू हातात धरून ठेवता येत नाही, आणि स्कर्टला खिसा नाही. आईला टीव्हीवर दाखवलं, तिने मागे इलॅस्टिकची रुंद पट्टी शिवून दिली. पहिल्या दिवशी चेंडू सारखा निसटायचा. मग तिने पट्टी आवळून टाकली.

तुमचं सर्वांत जास्त ऋण मात्र तुम्ही हरलेल्या एका सामन्याचं आहे. १९९५, विम्बल्डनची फायनल, पुन्हा स्टेफी. तिथलं गवत हे काही तुमचं मैदान नव्हे. पहिला सेट तुम्ही घेतलात, दुसरा तिने, तिसऱ्यात ५-५. मग तुमच्या सर्व्हिसचा तो एकच गेम वीस मिनिटं चालला. बत्तीस गुण, तेरा वेळा ड्यूस, म्हणजे तेरा वेळा बरोबरी. तो गेम तिने घेतला आणि पाठोपाठ सामनाही. पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा त्याच फायनलला, पुन्हा तिच्याचसमोर, पुन्हा हरलात. आणि १९९८मध्ये पॅरिसला मोनिका सेलेसकडून मधला सेट ०-६ असा गमावूनही तिसरी फ्रेंच ओपन घेऊन आलात.

कोंचिता मार्टिनेझबरोबर तुम्ही स्पेनला पाच वेळा फेड कप, म्हणजे देशादेशांच्या महिला संघांचा चषक, मिळवून दिलात, आणि १९९२ला बार्सिलोनात, स्वतःच्या गावात, दुहेरीचं रौप्यपदक घेतलंत. एकेरीचं कांस्यही. घरच्यांसमोर खेळताना पाय किती जड होतात हे मला जिल्हा पातळीवरच कळलंय, म्हणून त्या पदकांचं मला विशेष वाटतं.

मी मोठी खेळाडू झाले नाही. पण खेळणं सोडलं नाही, आणि ते तुमच्यामुळे. आता आमच्या मुरमाच्या कोर्टवर एखादी बुटकी मुलगी आली की तिची आई आधी उंचीचंच विचारते. मी त्यांना तुमचं नाव सांगते, मोबाइलवर १९८९चा तिसरा सेट लावून देते, आणि पोरीला सरावाला घेते.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
कोल्हापूरची एक टेनिस प्रशिक्षक