जुना फ्लॅट घेताय? आधी खालच्या घरातलं बाथरूमचं छत बघून या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी भाचा घरी आला होता, आयटीत आहे, चार पैसे साठलेत. म्हणाला मामा, धनकवडीत जुना टू बीएचके ५० लाखात मिळतोय, सहा लाख घालून चकाचक करतो आणि वर्षभरात ६५ ला विकतो, नाहीच विकला गेला तर भाड्याने देतो. हे सगळं त्याने मोबाईलवर बघितलंय, अमेरिकेत लोक जुनी घरं घेऊन दुरुस्त करून विकतात त्याचे व्हिडिओ असतात ना, ते. आमच्या सोसायटीतले दोघेजण व्हीआरएसचे पैसे घेऊन याच मार्गाला लागलेत, म्हणून हे पत्र लिहितोय. मी स्वतः दोन जुने फ्लॅट घेतले, दुरुस्त केले आणि भाड्याने दिलेत, त्यामुळे जे सांगतोय ते अनुभवाचं आहे.

आधी विकायचं गणित बघा. ५० लाखाचा फ्लॅट, पुण्यात पुरुषाच्या नावावर स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे साडेतीन लाख (बायकोच्या नावावर घेतला तर १ टक्का कमी, हे तरी करा), रजिस्ट्रेशन ३० हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी २५ हजारापर्यंत, एजंटचे पन्नासेक हजार, आणि दुरुस्तीचे सहा लाख. झाले साडेसाठ लाख. त्यात ४० लाख कर्ज असेल तर वर्षाचं व्याजच साडेतीन लाखाच्या आसपास, मेंटेनन्स वेगळा, विकताना परत एजंट. म्हणजे ६५ लाख आले तरी हातात काही उरत नाही, आणि जे काही उरेल ते दोन वर्षांच्या आत विकलं म्हणून तुमच्या पगाराच्या स्लॅबनेच टॅक्सला जाणार. समोरचा घेणारापण पुन्हा स्टॅम्प ड्युटी भरणार आहे, तो घासाघीस करणारच. आपल्याकडे घर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना सरकारचा वाटाच इतका आहे की वर्षभरात घेऊन विकायचा धंदा साध्या माणसाला परवडत नाही.

आता भाडं. तसल्या फ्लॅटला १८ हजार धरा. वर्षाचे २ लाख १६ हजार. त्यातून मेंटेनन्स २४ हजार, मिळकत कर दहाएक हजार (स्वतः राहत असाल तर पुण्यात ४० टक्के सवलत मिळते, भाडेकरू ठेवला की ती जाते), दोन भाडेकरूंच्या मधे महिनाभर रिकामा राहिला त्याचे १८, किरकोळ दुरुस्ती १५. उरले १ लाख ४९ हजार, म्हणजे साडेसाठ लाखावर अडीच टक्केसुद्धा नाही. ४० लाखाचा हप्ता साडेआठ टक्क्याने २० वर्षांसाठी साधारण ३४,७०० बसतो, १८ हजार भाड्याने अर्धा कसाबसा निघतो. मग घ्यायचाच नाही का? तसं नाही, भाडं दरवर्षी थोडं वाढतं, घर हातात राहतं, पुढे मुलांना होतं, टॅक्समधे भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. पण भाडं वजा जाता उरलेला हप्ता स्वतःच्या पगारातून न चुकता भरता येत असेल तरच घ्या, भाड्याच्या भरवशावर घेऊ नका.

आणि घेणार असाल तर फ्लॅट नाही, बिल्डिंग बघा. मी पहिला फ्लॅट २०१६ च्या एप्रिलमधे बघितला, सगळ्यात वरचा मजला, छान उजेड, नुकताच रंग दिलेला, बघताक्षणी आवडला. जुलैत बेडरूमच्या छताला ओल आली आणि ऑगस्टमधे प्लास्टरचा पोपडा पडून आत गंजलेली सळई दिसायला लागली. टेरेसचं लीकेज काढायचा खर्च सोसायटीचा असतो, उपविधीत म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत तसं स्पष्ट आहे, पण सोसायटीकडे फंडच नव्हता, मी भांडत बसलो आणि आठ महिने घर रिकामं पडलं. तो ताजा रंग कशासाठी दिला होता ते तेव्हा कळलं.

तेव्हापासून जुना फ्लॅट मी पावसाळ्यातच बघतो. एकाच खोलीला नवीन पीओपी सीलिंग केलेलं दिसलं की वर काय आहे ते विचारतो. आणि खालच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवून, ताई जरा तुमच्या बाथरूमचं छत बघू का, असं सरळ विचारतो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, उलट लोक चहा देतात आणि वरच्या घराचा दहा वर्षांचा इतिहास सांगतात. ते छत काळं पडलेलं असेल तर तुमचं बाथरूम पूर्ण फोडावं लागणार, आणि तो खर्च सोसायटीचा नाही, तुमचा. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचा रिपोर्ट मागा, ३० वर्षांवरच्या बिल्डिंगला तो दर तीन वर्षांनी करायचा असतो. सेक्रेटरी टाळाटाळ करायला लागला तर तिथेच थांबा.

कागदांचं थोडक्यात. पहिल्या मालकापासूनचे सगळे करार, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशन ऑफिसचा व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), कन्व्हेयन्स म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, हे वकिलाकडून बघून घ्या. गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय छोटे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची, बिल्डिंग स्वस्त मिळते पण बँका कर्ज द्यायला तयार होत नाहीत, म्हणजे उद्या तुमच्या गिऱ्हाईकालाही मिळणार नाही.

एजंट हमखास म्हणतो, साहेब ही बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. तर जनरल बॉडीचं मिनिट्स बुक दाखवा म्हणावं. २०१९ पासून ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, पण ती कागदावर आहे का ते बघा, समोरचा रस्ता किती रुंद आहे ते बघा, किती बांधकाम करता येईल ते त्यावर अवलंबून असतं. आणि खरंच जाणार असेल तर मग सहा लाखाचं किचन कशाला करताय, दोन वर्षांनी ते बुलडोझरखालीच जाणार ना! एकतर दुरुस्ती करा नाहीतर रिडेव्हलपमेंटची वाट बघा, दोन्हीसाठी पैसे मोजू नका.

दुरुस्तीत लोक पैसे घालतात दिसणाऱ्या गोष्टींवर, पण भाडेकरू टिकतो तो पाणी आणि लाईट नीट असेल तर. जुन्या बिल्डिंगमधे भिंतीतले जीआय म्हणजे लोखंडी पाईप आतून गंजून बुजलेले असतात, ते काढून सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) टाका, वायरिंग नवीन करा, ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा, बाथरूमचा कोबा आणि नहाणी ट्रॅप बदलून वॉटरप्रूफिंग करा आणि टाईल्स बसवायच्या आधी दोन दिवस पाणी तुंबवून ठेवून खाली झिरपतंय का ते बघा. मिस्त्री घाई करेल, करू देऊ नका. जुन्या मोझॅकवर टाईलवर टाईल बसवायला सांगतात, त्याने स्लॅबवर वजन वाढतं आणि सगळे दरवाजे तासावे लागतात. हॉल मोठा करायला भिंत पाडायची असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा, कॉलम आणि बीमला तर हातच लावू नका, वरखाली माणसं राहतात. ग्रॅनाईटचा ओटा आणि साध्या ट्रॉल्या भाड्याच्या घराला भरपूर झाल्या. बिलं मात्र सगळी जपून ठेवा, विकताना टॅक्सला लागतात.

भाडेकरू ओळखीचा असला तरी लीव्ह अँड लायसन्स म्हणजे भाड्याचा करार रजिस्टर कराच, ११ महिन्यांचा असला तरी. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे आणि करार रजिस्टर नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच धरलं जातं. घरबसल्या ऑनलाईन होतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही द्या. आणि भाड्याने दिलं म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ चा सरकारी आदेश आहे, तरी कित्येक सोसायट्या मनाला येईल ते घेतात आणि लोक मुकाट्याने भरतात याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या पेपरच्या घरांच्या पुरवणीत नवीन टॉवरच्या जाहिराती पानभर असतात. जुनं घर घेणाऱ्यांसाठी महिन्यातून एक कोपरा द्या, एखादा इंजिनिअर, एखादा वकील यांच्याकडून लिहून घ्या, ही कळकळीची विनंती.

भाच्याने अजून टोकन दिलेलं नाही. येत्या शनिवारी पाऊस असला तर आम्ही दोघं धनकवडीला जाणार आहोत, आणि आधी खालच्या मजल्यावर.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे