मीटर अण्णांच्या हातात देणाऱ्या दादांस

तासगावातल्या वायरिंगवाल्या दादांस,

स.न.वि.वि.

त्या रात्री तुम्ही निघालात तेव्हा माझ्या तोंडून धड शब्द फुटला नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर, कारण गाडी बंद पडण्याचा ठपका माझ्या वडिलांवर, अण्णांवर ठेवला गेला तोही सगळ्यांसमोरच.

आईचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी, मिरजेला, सकाळी ७ वाजता. मधले दिवस गाडी दारातच उभी. आणि दोन महिने झाले, नेमकी त्याच पहाटे चावी फिरवली की नुसतं टक् टक्. कधी शेजाऱ्यांच्या गाडीवरून करंट घ्यायचा, कधी रिक्षा धरायची. एका शुक्रवारी दोन्ही जमलं नाही. त्या रात्री आईला लागलेला दम मी पुण्यात फोनवर ऐकत होते.

पहिल्या मेकॅनिकने बॅटरी बदलायला लावली. पंधरा दिवसांत नवीही उतरली. मग मोठ्या वर्कशॉपने गाडी एक दिवस ठेवून घेतली आणि 'ओके' म्हणून परत दिली. अहो, एका दिवसात ती उतरतच नव्हती! तीन दिवस उभी राहिली की उतरते, हे अण्णा परोपरीने सांगत होते. ऐकून घेणं राहिलं बाजूला, काउंटरवरचा पोरगा चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "आजोबा, वय झालं आता. लाइट चालू ठेवून जात असाल."

३१ वर्षं एसटी चालवलेला माणूस आहे हो तो. त्या दिवसापासून अण्णा रात्री दोन-तीनदा उठून टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरायचे, एकेक दिवा बघायचे. आईला म्हणाले, "मीच विसरत असेन गं." ते ऐकलं आणि मी रजा टाकून आले.

तुम्ही आलात ते दुकान बंद करून, रात्री नऊला. बॉनेटला हात लावायच्या आधी अण्णांना विचारलंत, "अण्णा, किती दिवस उभी राहिली की बंद पडते?" आणि सगळं ऐकून घेतलंत. मग करंट मोजायचा मीटर बॅटरीला जोडून म्हणालात, "आता गाडीला झोपू द्या, मग बघू." गाडी बंद केल्यावर आतली यंत्रणा थंडावायला वेळ लागतो, म्हणून वीस मिनिटं पायरीवर बसून तुम्ही दोघं विट्याच्या जुन्या घाटरस्त्यांबद्दल बोलत होतात.

आणि मग तो मीटर तुम्ही अण्णांच्या हातात दिलात. "आकडा तुम्ही वाचा, मी फ्यूज काढतो."

त्यांचा हात थरथरत होता. ०.४१ अँपिअर, ०.४१, ०.४१. प्रत्येक फ्यूजला तेच. आणि एका फ्यूजला अण्णा मोठ्याने ओरडले, "शून्य पॉइंट शून्य दोन!" म्हणजे करंट खाणारी लाइन हीच. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा तो आवाज ऐकला, डेपोतला.

मग माझा मोबाइल व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवलात आणि डिकी लावलीत. व्हिडिओत आतला दिवा जळतच होता. डिकीच्या लॉकमधला स्विच अडकलेला. बोटाच्या पेराएवढा ५ वॅटचा बल्ब, बंद डिकीत, रात्रंदिवस. तुम्ही अण्णांना हिशेब करून दाखवलात: दिवसाला जवळपास १० अँपिअर-अवर जातात, बॅटरी ३५ची, तीन दिवसांत काय उरणार? "बंद डिकीतला दिवा बाहेरून कुणाला दिसणार, अण्णा? यात तुमची काही चूक नव्हती."

हे वाक्य तुम्ही माझ्याकडे बघून नाही, त्यांच्याकडे बघून म्हणालात. दादा, दोष मीटरने सापडला, पण अण्णांची मान तुमच्या त्या वाक्याने वर झाली. बिलं फाडणारे पुष्कळ भेटले, म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच गाडीबद्दल विचारणारे तुम्ही एकटे. घेतलेत किती, तर ३०० रुपये. वर सांगितलंत की काढून ठेवलेली जुनी बॅटरीही चांगलीच असेल, चार्ज करून तपासल्याशिवाय भंगारात घालू नका.

शुक्रवारी गाडी पहिल्या सेल्फला लागली. मंगळवारीही. अण्णा आता रात्री उठत नाहीत. तो बल्ब त्यांनी काचेच्या कपाटात एसटीच्या बिल्ल्याशेजारी ठेवलाय.

आईचा निरोप आहे, गुरुवारी जेवायला या. त्या दिवशी तिला जरा बरं असतं, भाकऱ्या ती स्वतः थापणार आहे. वहिनींना आणि मुलांनाही आणा.

आपली,
अण्णांची थोरली