बूड नसलेली टोपली

लातूर,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इथं सगळे ठीक आहेत. फोनवर बाबा 'बरं बरं' म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आई 'जेवलीस का' विचारते आणि फोन संपतो. मला आमच्या बास्केटबॉल लीगबद्दल जे सांगायचंय ते तेवढ्यात मावत नाही, म्हणून लिहायला बसले.

भाऊबीजेला आई चुलीपुढं बसून म्हणाली होती, "बूड नसलेली टोपली ती बाई. किती टाकायलीस त्यात?" दादा हसला, मीही हसले. पण एसटीत बसल्यावर औसा येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

आई, पहिल्या टोपलीला बूड होतं. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावात जेम्स नेस्मिथ नावाच्या खेळाच्या मास्तरानं हा खेळ काढला. बाहेर कडाक्याची थंडी, पोरं आत कोंडलेली, त्यांना दमवायचं कसं हा त्याचा प्रश्न. त्यानं पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही रिंग दहा फुटांवरच. चेंडू आत पडला की कुणीतरी शिडी लावून वर चढायचं, चेंडू काढायचा, मग खेळ पुढं. बूड नंतर काढलं, ते खेळ थांबू नये म्हणून. तू टोमणा मारलास तो पैशावरून, हे मला कळतं. तरी एवढं सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

तर आमची लीग. २०१६ आठवतं ना, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली ते वर्ष. त्याच्या आदल्या वर्षी पंजाबातल्या एका खेड्यातल्या सतनाम सिंगला अमेरिकेतल्या डॅलसच्या संघानं निवडलं होतं, एनबीए या तिकडच्या मोठ्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, निवडला गेलेला पहिला भारतीय. इथल्या पोरांच्या अंगात तेव्हा वारं शिरलं. पुढच्या वर्षी पाऊस झाला, दिवाळी झाली आणि आम्ही सहा संघांवर सुरुवात केली. लातूर, उदगीर, अंबाजोगाई, नांदेड, परभणी, धाराशिव. नंतर मुलींचे चार संघ झाले. दर रविवारी सामने, संक्रांतीच्या पुढं-मागं फायनल. यंदा आतापर्यंत तीन संघांची फी आली आहे, तीही त्यातल्या एकाची अर्धीच.

सगळं चालवणारे सर मुलाकडं पुण्याला राहायला गेले. जाताना रजिस्टर, शिक्का, शिट्ट्या आणि चेंडूंची पिशवी माझ्याकडं ठेवून गेले, 'आठ दिवसांसाठी' म्हणून. त्याला चार महिने झाले. पिशवी दिवाणाखाली आहे, आणि झाडून काढताना चेंडू बाहेर येतो म्हणून यांची रोज कुरकूर असते.

आज सकाळी मैदानाबाहेरच्या टपरीवर बैठक होती. अकराजणांना निरोप होता, पाच आले. दोघं म्हणाले बंद करा, दोघं म्हणाले ताई म्हणेल तसं, पाचव्यानं आणखी एक चहा सांगितला. पुढच्या रविवारपर्यंत मी काय ते सांगायचं असं ठरवून सगळे उठले, आणि चहाचे पैसेही मीच दिले.

दोष कुणाला द्यायचा? मार्केट यार्डातले दोन आडते दरवर्षी न मागता चषकाचे आणि पाण्याच्या जारचे पैसे द्यायचे. यंदा गेले तर एकानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "ताई, औंदा नको." सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन कुजलं, जे हाती लागलं त्याचा हमीभाव ५३२८ आणि बोली त्याच्या कितीतरी खाली. तुम्ही स्वतः घालून आलात, तुम्हाला काय सांगायचं. पोरांचं म्हणाल तर अकरावी लागली की पोरगं गेलं. ट्यूशनची परीक्षा रविवारी, आमचा सामनाही रविवारी. लातूर पॅटर्नपुढं आमची काय टाप. एका पोराचे वडील मला म्हणाले, "मॅडम, उंची वाढली तेवढी बास, आता मार्क वाढू द्या." मी काही बोलले नाही. मीही आईच आहे, आमच्याही घरात यंदा दहावी आहे.

मोठ्यांचंही तेच चाललंय म्हणा. २०१५ ला देशात यूबीए नावाची व्यावसायिक लीग निघाली होती, दोन-तीन वर्षांत गुंडाळली. २०२२ ला दुसरी निघाली. कबड्डीचं २०१४ पासून टीव्हीवर जे झालं ते बास्केटबॉलच्या नशिबी आलं नाही. आपल्याकडं कबड्डी-खोखो मातीतून येतात, आमच्या खेळाला आधी सिमेंट ओतावं लागतं.

आता खरं सांगायचं ते. बाबा, मार्चमध्ये तुरीचे पैसे आले तेव्हा तुम्ही मला स्कूटीसाठी चाळीस हजार दिलेत. दिवाळीला तुम्ही अंगणात माझ्या जुन्या स्कूटीच्या टायरला पायानं हलकेच ठोकून पाहिलंत आणि काही न बोलता आत गेलात. तुम्ही विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यातले अठरा हजार पंचांचं दोन वर्षांचं थकलेलं मानधन देण्यात गेले. ती माणसं नांदेडहून स्वतःच्या खर्चानं येत होती आणि तोंडानं मागत नव्हती, तेच मला सोसवेना. नऊ हजारांचे बूट आणले. तेरा हजार खात्यात तसेच आहेत. यांना माहीत आहे, तुम्हाला सांगितलं नव्हतं.

बुटांचंही सांगते. जानेवारीत मुलींचा सामना होता. मी नेहमीसारखी टेबलावर, स्कोअरशीट लिहायला. पहिला-तिसरा क्वार्टर लाल पेनानं, दुसरा-चौथा निळ्यानं, बाबांच्या हजेरीपटासारखं काम. एका संघाच्या मॅडम विचित्र वेळी टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवून छोटी विश्रांती, घ्यायच्या. प्रत्येक संघाला पहिल्या अर्ध्यात दोन आणि दुसऱ्या अर्ध्यात तीन मिळतात, माणसं ते शेवटच्या मिनिटांसाठी जपून ठेवतात. या बाई मात्र पुढं असतानाही घ्यायच्या आणि पोरींना काही सांगायच्याही नाहीत, नुसत्या घोळक्यात उभ्या. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा मी मान वाकडी करून बघितलं. घोळक्याच्या मागं दोन पोरी पाठमोऱ्या बसलेल्या. एक बूट काढतेय, दुसरी घालतेय. दोघींत एकच जोड. मोठ्या पोरीच्या मापाचा, म्हणून धाकटीनं पुढं कागदाचा बोळा कोंबलेला, तो बोळा ती काढून मोठीच्या हातात देतेय आणि ती फेकून न देता कमरेला खोचतेय, परत लागणार म्हणून. टाइमआउट एक मिनिटाचा असतो. मिनिट संपल्याची खूण मीच करायची. त्या दिवशी माझा हात जरा उशिरा गेला.

फार भाबडं चित्र नको, म्हणून पुढचंही लिहिते. सहा जोड आणले. त्यातली मोठी पोरगी जूनमध्ये कोचिंगला बसली आणि बूट घेऊनच गेली. रागावले, मग हसू आलं. क्लासला घालून जात असेल.

आई विचारते, तुला यात काय मिळतं? गेला आठवडाभर मी स्वतःला हेच विचारतेय. पोरांचं भलं वगैरे म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे बँकेत मी तीन नंबरची खिडकी आहे, घरात डबा आहे. मैदानावर मात्र ती दोन उंचच्या उंच पोरं भांडत टेबलापाशी येतात आणि विचारतात, "ताई, फाउल कितवा?" मी 'पाचवा' म्हटलं की पोरगं मुकाट्यानं बाहेर जाऊन बसतं. मला तिथं कुणीतरी विचारतं. हे कारण काही फार मोठेपणाचं नाही, पण आहे. लहानपणी गावात मला उंटीण म्हणायचे, कॉलेजच्या संघात त्याच उंचीवर मला बोलावून घेतलं. तेव्हा बाबांनी मुलीला हाफ पँटवर खेळू दिलं म्हणून काकांनी महिनाभर अबोला धरला होता. ते मी विसरलेले नाही.

बाबा, या दिवसांत मला तुमचा सप्ताह सारखा आठवतोय. बावीस वर्षं वर्गणीची वही तुमच्याकडं होती. २०१६ ला गावात टँकर सुरू होते आणि अर्धं गाव म्हणालं, यंदा सप्ताह नको. तुम्ही म्हणालात पंगत नको, बुंदी नको, लांबचे महाराज नकोत, पण सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहाऱ्याला माणसं कमी पडली तेव्हा रात्री दोन ते चार तुम्हीच वीणा गळ्यात घालून उभे राहिलात. आणि आई म्हणाली होती, "रात्री देवळात उभं राहायला पाय आहेत, टँकरच्या रांगेत उभं राहायला नाहीत." तेही खोटं नव्हतं. माझ्याही घरात कुणीतरी रांगेत उभं असणार, एवढं मला त्यावरून कळतं.

आमच्या खेळात एक नियम आहे. पाचजण तयार असल्याशिवाय सामना सुरू होत नाही. पंधरा मिनिटं वाट बघायची, मग समोरच्याला २०–० असा विजय लिहून द्यायचा. पण एकदा सुरू झाला की फाउलांनी पोरं बाहेर जात जात मैदानात दोघंच उरले तरी खेळ चालतो. एकच उरला की मात्र थांबवायचा. आज टपरीवर मी माणसं मोजत होते. चहा सांगणारा तो पाचवा आणि मी, असं धरून दोन भरले.

म्हणून ठरवलंय ते असं. यंदा पाच-पाचचा खेळ नाही. तिघा-तिघांचा, थ्री बाय थ्री म्हणतात तो. टोकियोपासून ऑलिंपिकमध्येही आहे. एकच रिंग, अर्धं मैदान, दहा मिनिटं किंवा आधी २१ गुण करील तो जिंकला. संघात चौघं, म्हणजे एका गाडीत संघ मावतो आणि जीपभाडं वाचतं. आपल्या मैदानाची दुसरी रिंग तशीही वाकलेली आहे. मला स्वतःला हा खेळ तितका आवडत नाही, अर्ध्या भाकरीसारखा वाटतो. पण परवडतो. सगळे सामने तीन रविवारांत उरकायचे, ट्यूशनवाल्यांच्या सहामाहीच्या सुट्ट्या बघून.

आणि बाबा, घरातला एक रुपया आता त्यात जाणार नाही. जमा-खर्च शेवटच्या दिवशी मैदानावर मोठ्यानं वाचायचा, तुम्ही काल्याला वाचायचात तसा, कुणी किती दिले आणि कुणी बोलून दिले नाहीत तेही. मार्चपर्यंत चार संघांनी स्वतःहून पुढच्या वर्षाची फी दिली तर रजिस्टर माझ्याकडं राहील. नाही दिली तर चेंडूंची पिशवी कुठल्यातरी शाळेला देईन, आणि दिवाणाखालची जागा यांना मोकळी करून देईन. तेव्हा मी रडले तर रडू द्या. तेरा हजारांत तुमच्या तुरीचे सत्तावीस हजार कसे भरायचे तेही ठरवलंय, दर महिन्याला दोन. नको म्हणू नका.

तुम्ही 'सोड' म्हणालात तर? तर मी ऐकेन की नाही माहीत नाही, पण म्हणा. 'बरं बरं' नको.

येळवशीच्या अमावस्येला, शेतातल्या पूजेसाठी, मी आदल्या रात्रीच येते. आंबील जास्त कर आई, पोरालाही आणतेय. यांना सुट्टी नाही. पहिला सामना येळवशीनंतरच्या रविवारी धरलाय. त्याआधी रिंगला नवी जाळी बांधायची आहे, आणि इथं दहा फुटांवर कुणाचा हात पोचत नाही, माझासुद्धा. दादाचा टेम्पो मोंढ्यात येईल तेव्हा त्याच्याबरोबर आपली पत्र्याची शिडी पाठवून द्या. आईची आहे, मला माहीत आहे. कुरडया वाळवायला अजून वर चढते ती, गुडघ्याला पट्टा बांधून, वहिनीनं सांगितलं मला. म्हणूनच शिडी मागतेय. परत लवकर मिळेल असं समजू नका.

तुमची,
ताई