क्विनबाईला चार ओळीत गुंडाळू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जॉन मिलिंग्टन सिंग यांच्या ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ या आयरिश नाटकावरचा लेख वाचला. जानेवारी १९०७मध्ये डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरात या प्रयोगावरून जो गोंधळ झाला, तो लेखकाने छान रंगवून सांगितला आहे. पण बहुतेक जागा प्रेक्षकांच्या आरडाओरड्यानेच खाल्ली आणि पात्रांच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या. त्यातही विधवा क्विनची बोळवण ‘प्रेमिकांच्या मध्ये लुडबुडणारी कावेबाज बाई’ अशी केली आहे. तेवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

नाटक न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. मेयो परगण्यातल्या किनाऱ्यालगतचा एक दारूचा गुत्ता. मालक मायकेल जेम्स मयताच्या जागरणाला, खरं तर तिथल्या दारूला, निघालेला. त्याची लेक पेगीन रात्रभर एकटी राहणार. तिचा होणारा नवरा शॉन किओ सोबतीला थांबायला तयार नाही, कारण फादर रायली काय म्हणतील! बळेच थांबवू गेलं तर पठ्ठ्या अंगातला कोट सासऱ्याच्या हातात ठेवून पळतो. त्याच रात्री दमलेला, मळकट क्रिस्टी मॅहन येतो आणि हळूहळू कबूल करतो, की मी बापाच्या डोक्यात फावडं घालून त्याला संपवलं. पोलिसांना बोलावणं राहिलं बाजूला, गाव त्याला गुत्त्यावर कामाला ठेवून घेतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या पोरी बदकाची अंडी आणि लोणी घेऊन त्याला बघायला येतात.

आता क्विनबाई. तिनेही नवऱ्याला जुनी कुदळ मारली होती. गंज रक्तात भिनून तो पुढे मेला. पण तिच्यासाठी कोणी अंडी आणत नाही. उलट असल्या चोरट्या खुनाला कसली आलीय किंमत, असं पेगीन तिला तोंडावर सुनावते. खून दोघांच्याही नावावर आहेत, त्यातला एक गावाचा लाडका आणि दुसरी गावाबाहेरच्या झोपडीत एकटी. क्रिस्टीची गोष्ट रंगतदार आहे आणि दर सांगण्यागणिक त्यातला घाव खोल होत जातो. क्विनबाईच्या गोष्टीत रंगवण्यासारखं काही नाही. नवरा गेला, मुलंही पुरली, एवढंच. नाटकाचा सगळा विनोद मला या तफावतीत दिसतो, आणि लेखात या तफावतीचा उल्लेखही नाही.

ती व्यवहारी आहे, हे खरं. क्रिस्टीला पेगीनपासून दूर ने, म्हणून शॉन गयावया करतो तेव्हा ती तांबडी गाय, डोंगरी मेंढा, शेतातून जायची वाट आणि खताची गाडी मागते. थोड्या वेळाने मेलेला म्हणवला गेलेला बाप डोक्याला पट्टी बांधून दारात हजर होतो. ती त्याला थापा मारून भलत्याच वाटेला लावते. मग क्रिस्टीकडूनही, तू इथला मालक झालास की मला ती वाट, मेंढा आणि खत द्यायचंस, असं वचन घेते. लेखकाला यात निव्वळ लोभ दिसला. मला मात्र या दोन मागण्यांच्या मधलं तिचं बोलणं महत्त्वाचं वाटतं. तू माझ्याच जातकुळीचा आहेस, म्हणून तू मला आवडतोस, असं ती त्याला सांगते. बाप जिवंत आहे हे कळल्यावरही तिची ओढ कमी होत नाही. पेगीनची मात्र त्याच क्षणी संपते.

पेगीनवर मी अन्याय करत नाही. शॉनसारख्याशी लग्न ठरलेल्या, तिखट जिभेच्या मुलीने अशा वाटसरूवर भाळणं साहजिकच आहे. पण ती भाळते ती त्याच्या गोष्टीवर. तिसऱ्या अंकात क्रिस्टी सगळ्यांच्या देखत बापाला पुन्हा फावडं हाणतो. परसात खरीखुरी हाणामारी झाली की तीच पेगीन त्याला दोरीने बांधायला मदत करते आणि शेगडीतल्या जळणाच्या मातीच्या (पीटच्या) पेटत्या ढेकळाने त्याच्या पायाला चटका देते. त्याआधी क्विनबाई त्याला बायकी घागरा नेसवून पळवून न्यायच्या खटपटीत असते. तो ऐकत नाही, तेव्हा ती डॉक्टरला आणायला म्हणून बाहेर पडते आणि परत येत नाही. चटका देणाऱ्यांत ती नसते, हे सिंग यांनी जाणूनबुजून केलंय असं मला वाटतं.

लेखात एक गंमतही निसटली. पहिल्या प्रयोगात पेगीनचं काम मॉली ऑलगुडने केलं (रंगभूमीवरचं तिचं नाव मोअरा ओ’नील) आणि क्विनबाईचं काम तिची थोरली बहीण सारा हिने. मॉलीशी सिंग यांचं लग्न ठरलं होतं. ते १९०९मध्ये गेले, ते लग्न काही झालंच नाही.

आपल्याला आयरिश प्रहसनाची ओळख गोविंद बल्लाळ देवलांमुळे झाली. ‘संशयकल्लोळ’चं मूळ आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराच्या नाटकात आहे. तिथे गैरसमज फिटतात, जोड्या जुळतात. त्या सवयीने ‘प्लेबॉय’ बघितलं की आपणही क्रिस्टी-पेगीनची जोडी शोधत बसतो. पण इथे शेवटी जुळते ती बापलेकांची. दुसऱ्या घावातूनही वाचलेल्या बापावर लेक हुकूम सोडत निघून जातो आणि म्हातारा, मी पुन्हा वेडा झालो, म्हणत खूश होऊन त्याच्या मागे जातो. मायकेल जेम्सला आता निवांत प्यायला मिळणार म्हणून बरं वाटतं. शॉनच्या मात्र पेगीनकडून कानाखाली बसते.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल, तर लेखकाने दुसरा अंक पुन्हा वाचावा आणि क्विनबाईला निदान एक परिच्छेद द्यावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, मिरज