बाकी कोणाची? उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : फीमाफीची रक्कम प्रवेशाच्या वेळीच कॉलेजला मिळणेबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थी विभागात मी २६ वर्षं काढली. त्यातली शेवटची बारा शिष्यवृत्तीच्या टेबलावर. आता निवृत्त आहे, म्हणून हे पत्र योग्य मार्गाने न पाठवता उघड लिहितोय.

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात रबर बँड लावलेला एक गठ्ठा असायचा. पालकांचे सही केलेले, तारीख न घातलेले चेक. शिष्यवृत्ती पोराच्या खात्यात आली आणि त्यानं ती भरलीच नाही तर, या भीतीनं संस्थेनं काढलेली युक्ती. शासनाच्या वाट्याची फी विद्यार्थ्याकडून घेऊ नका, असं परिपत्रक यायचं. ते फाईलला मीच लावायचो आणि चेकही मीच घ्यायचो. एकदा एका मुलीचे वडील आले. चेकबुक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काढलं होतं, तेही आम्हाला एक पान द्यायला. बँकेतल्यासारखीच सही यायला हवी म्हणून त्यांनी ती आधी पावतीच्या पाठीमागे दोनदा गिरवून पाहिली. त्या मुलीचा दुसरा हप्ता ती पास होऊन गेली तरी आला नाही. नोकरीवर हजर व्हायला तिला मूळ गुणपत्रिका हवी होती. लेजरला बाकी दिसत होती, म्हणून आम्ही ती अडवली. बाकी तिची नव्हती, शासनाची होती. पण शासनाची गुणपत्रिका अडवता येत नाही.

आमच्याकडचीच एक विद्यार्थिनी पुढे जर्मनीला शिकायला गेली. तिकडून फोनवर म्हणाली, "सर, इथे फी मागायला कोणी आलंच नाही." सत्राच्या सुरुवातीला किरकोळ वर्गणी भरायची, बस. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलोय.

जर्मनीतही शिक्षण हा राज्यांचा विषय. २००५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं फीवरची केंद्राची बंदी उठवली आणि काही राज्यांनी सत्राला ५०० युरोपर्यंत फी लावली. लोकांना ती रुचली नाही. बव्हेरियात २०१३ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, माणसं नगरपालिकेच्या कचेऱ्यांत जाऊन फीविरोधी मागणीवर सह्या करून आली. दहा टक्के मतदारांच्या सह्या लागत होत्या, त्याहून जास्त जमल्या आणि फी गेली. शेवटी लोअर सॅक्सनीनं २०१४ मध्ये ती काढली. विद्यापीठांचा मुख्य खर्च राज्य सरकारं करातून देतात. हे स्वर्ग वगैरे नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात. आमच्या त्या विद्यार्थिनीनं त्यासाठी बँकेचं कर्ज काढलं. "जर्मनीत फुकट शिक्षण" असे फलक लावणारे क्लासवाले हे बारीक अक्षरात लिहितात.

इंग्लंड याच्या अगदी उलट. १९९८ साली तिथे १,००० पौंड फी लागली, २०१२ मध्ये कमाल ९,००० झाली आणि २०२५-२६ ला ९,५३५. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये स्थानिक मुलांना पदवीची फी भरावी लागत नाही, एकाच देशात हा फरक. इतकी महाग फी असूनही कर्ज घेणाऱ्या इंग्रज मुलाला प्रवेशाच्या दिवशी खिशात हात घालावा लागत नाही. कर्ज देणारी सरकारी कंपनी फी थेट विद्यापीठाला देते, तीन हप्त्यांत : २५, २५ आणि ५० टक्के. मुलगा शिकतोय असं विद्यापीठानं कळवलं की हप्ता सुटतो. परतफेड मिळकत ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर, त्या वरच्या रकमेच्या नऊ टक्के. ऑस्ट्रेलियानं ही पद्धत त्याआधीच, १९८९ मध्ये, सुरू केली. तिथे वसुली आयकर खातंच करतं.

गैरसमज नको, मी पोरांवर कर्ज लादा म्हणत नाही. तिथेही ते इतकं साचलं की २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारनं एका झटक्यात २० टक्के माफ केलं. आणि मिळकत बघून वसुली करायची तर आधी मिळकत दिसायला हवी. आमच्या भागात पगाराची स्लिप किती घरांत येते, हे उत्पन्नाचे दाखले तपासणाऱ्या माणसाला विचारा. उचलायची आहे ती फक्त पैसे पोचवायची रीत.

कारण पैसे द्यायचं तर आपण आधीच कबूल केलंय. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे. जुलै २०२४ च्या निर्णयानं आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि ओबीसी घरांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शंभर टक्के फी माफ झाली. चांगला निर्णय, मनापासून म्हणतो. पण महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरा, मग तो क्लार्कच्या लॉगिनला, मग प्राचार्यांच्या, मग खात्याच्या. एक दाखला पुसट दिसला की 'सेंट बॅक', म्हणजे अर्ज परत. सगळं मंजूर झालं तरी आधार बँकेशी जोडलेलं नसलं की रक्कम अडकते. तोवर वर्ष संपलेलं असतं. कॉलेजही याच पैशावर चालतं. 'शिष्यवृत्ती आली की पगार' हे वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये दिवाळीच्या तोंडावर हमखास ऐकू यायचं.

रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात का वळवली, तेही मला माहीत आहे. बोगस विद्यार्थी दाखवून संस्थांनी पैसे उचलले होते. आमच्यासारख्या टेबलांवरूनच ते झालं, नाकारत नाही. पण त्यावरचा इलाज इंग्लंडच्या हप्त्यांत आहे : मूल वर्गात आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक ज्या कोठारी आयोगाचे, म्हणजे केंद्राच्या शिक्षण आयोगाचे, सदस्य-सचिव होते, त्यानं १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तोच आकडा पुन्हा लिहिला. तो तुमच्या एकट्याच्या हातात नाही, म्हणून मागत नाही.

मागणी एवढीच. पहिला हप्ता प्रवेश निश्चित होताच कॉलेजच्या खात्यात टाका. उशीर झाला तर व्याज शासनानं सोसावं. आणि शासनाची बाकी विद्यार्थ्याच्या नावावर दाखवून कागद अडवणाऱ्या कॉलेजवर कारवाई करा. लेजरमध्ये त्यासाठी वेगळा रकाना पाडायला पाच मिनिटं लागतात, मी पाडून दाखवतो.

उत्तर पाठवलंत तर जावक क्रमांक घालून पाठवा. नंतर शोधायला बरं पडतं.

आपला,
एक सेवानिवृत्त मुख्य लिपिक