हॉटेल गेले, वह्या उरल्या : माथेरानकरांना आणि माथेरानच्या लेकरांना मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

उतरवलेल्या जुन्या हॉटेलच्या वह्या वाचवायला पैसे हवेत, त्यासाठी हे पत्र. ते लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. माथेरानच्या आठवणी जपणाऱ्या आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीने 'एकच पान, आणि खाते क्रमांक मोठ्या अक्षरात' असे मला बजावले होते. पण गेल्याच्या आधीच्या दिवाळीत एका पानाचेच पत्रक काढले होते. पाचशे प्रती आम्ही दारोदार वाटल्या. आठवड्याने बाजारात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी घेतली, ती त्याच पत्रकाची. माझी सही बरोबर वर आली होती, तेलकट होऊन. देणग्या आल्या चार. 'हॉटेलच्या जागेला काय भाव चाललाय?' असे विचारणारे फोन मात्र अकरा आले. तेव्हा या वेळी सगळे सविस्तर लिहितो, निदान पुडी तरी मोठी बांधता येईल.

विषय तोच, बाजारामागच्या वळणावरचे हॉटेल. नाव लिहायची गरज नाही. आपल्या गावात हॉटेले पुष्कळ, पण जुनी माणसे नुसते 'हॉटेलात कामाला होतो' म्हणतात तेव्हा ते एकच असते. आता तिथे जांभ्या दगडाचा चौथरा, तीन पायऱ्या आणि पाणी तापवायच्या बंबाखालची काळी पडलेली जागा एवढेच उरले आहे. बाकी जांभळीचे रान आणि माकडे.

इमारत उतरवली तेव्हा आतले सामान खाली कुठे कुठे गेले. आरसे, पलंग, खुर्च्या यांना गिऱ्हाईक होते. वह्यांना कोण विचारतो? एक पत्र्याची ट्रंक भरून वह्या चुलीशेजारी ठेवल्या होत्या, मजुरांच्या अंघोळीचे पाणी तापवायला. आपल्या मंडळाचे सर्वात जुने सभासद, ज्यांना सगळे हमालकाका म्हणतात, ते तिथून चालले होते. त्यांना अक्षर फारसे वाचता येत नाही, पण 'लिहिलेलं जाळू नये' एवढे त्यांना ठाऊक. त्यांनी सुक्या लाकडाच्या दोन मोळ्या देऊन ट्रंक सोडवली आणि डोक्यावर घेऊन थेट कार्यालयात आणली. पावती मागितली नाही. मंडळाच्या इतिहासात याहून मोठी देणगी आलेली नाही, हे मी वार्षिक सभेत बोललो आहे आणि इथेही लिहितो.

ट्रंकेत काय आहे ते सांगतो. पाहुण्यांची रजिस्टरे तीन, इंग्रजीत. धोब्याचा आणि किराण्याचा हिशोब गुजरातीत. आणि नोकरांची हजेरी व उचल मोडी लिपीत, पुढच्या काही वह्या बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत. आपल्या दृष्टीने सोने आहे ते या हजेरीच्या आणि उचलीच्या वह्यांत. माळी, पाणके, हमाल, रिक्षा ओढणारे, घोडेवाले, भांडीवाल्या बायका, सगळ्यांची नावे, पुढे गाव, पुढे रक्कम, पुढे अंगठा.

एक पान मी रोज उघडून बघतो. पाच रुपये उचल, कारण 'बैलासाठी', गाव कशेळे, आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. शाई जास्त लागल्याने तो पसरून रुपयाएवढा झाला आहे. मोडी वाचणाऱ्या सरांनी नाव वाचले तेव्हा हमालकाका म्हणाले, हे आमचे आजोबा. मग ठशाशेजारी आपला अंगठा धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढा मोठा अंगठा आमच्यात कुणाचा नाही. चूक झाली असणार." अजून मान्य करत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला घेऊन आले आणि त्याचाही अंगठा लावून पाहिला.

आता कुणी विचारेल, आणि विचारलेच आहे, की जुन्या उचलीच्या वहीचा आज उपयोग काय. माथेरान हे हंगामाचे गाव. पूर्वी पावसाळ्यात हॉटेले बंद, नेरळची छोटी गाडी बंद, आणि वरची निम्मी माणसे लावणीला खाली आपापल्या गावी. म्हणजे बिऱ्हाड वर, जमीन खाली, जन्म-मृत्यूची नोंद तिसरीकडेच. अशा घरांतली पोरे आज जात पडताळणीला जातात तेव्हा त्यांच्याकडे पुरावा मागतात. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा. आजोबा माथेरानला होते एवढेच घरात माहीत असते. त्यांचे मूळ गाव कोणते, हे सांगणारे माणूस गेलेले असते.

हॉटेलची वही हा सरकारी पुरावा नव्हे, हे स्पष्ट लिहितो, म्हणजे उद्या कुणी माझ्याशी भांडायला नको. पण वही गावाचे नाव सांगते. गाव कळले की त्या गावचे कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना नंबर १४, तहसीलमध्ये मागता येते. तिथल्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात काका-चुलत्याचे नाव शोधता येते. गेल्या वर्षी दोन घरांना असा रस्ता सापडला. एका मुलीचा प्रवेश अडला होता. तिच्या पणजोबांचे गाव घरचे लोक नेरळ समजत होते, वहीत निघाले खांडस. खांडसच्या शाळेत नोंद मिळाली. ती मुलगी आता रविवारी येऊन आमच्या वह्यांना पृष्ठक्रमांक घालते. ती फुकट करते, हे मुद्दाम सांगतो.

पाहुण्यांच्या बाजूनेही हेच. मुंबई-पुण्याच्या किती घरांत 'आजी-आजोबा लग्नानंतर माथेरानला गेले होते' ही गोष्ट सांगतात! त्यातली काही जोडपी आमच्या रजिस्टरात सह्या करून बसली आहेत. कुणी मुलाच्या डांग्या खोकल्यासाठी महिनाभर राहिले, कुणी चार दिवसांत 'माकडांचा त्रास' असा शेरा मारून गेले. आपल्या घरची अशी गोष्ट असेल तर नाव आणि अंदाजे साल कळवा, आम्ही शोधून पानाचा फोटो पाठवू. वंशावळीसाठी लोक त्र्यंबकेश्वरी उपाध्यांच्या वह्या उघडतात. आमची ट्रंक तेवढी पवित्र नसेल, पण उपाध्याच्या वहीत दक्षिणा देणाऱ्याचे नाव सापडते, आमच्या वहीत पाणी भरणाऱ्याचेही.

ठाण्याचा कलेक्टर मॅलेटसाहेब मे १८५० मध्ये पायथ्याच्या चौक गावाहून डोंगर चढून आला, हे आपल्या शाळेतल्या पोरांना पाठ आहे. पीरभॉय कुटुंबाने १९०७ साली नेरळहून गाडी वर आणली, तेही पाठ आहे, आणि त्यांचे ऋण आपण मानतोच. पण त्याआधी मेणे-पालख्या कुणी वाहिल्या, ट्रंका कुणी चढवल्या, त्यांची नावे कुठल्या पाटीवर आहेत? २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा आल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितले. झाले ते योग्यच झाले, माणसाने माणसाला ओढू नये. पण ओढणाऱ्यांच्या तीन पिढ्या कुणी लिहून ठेवल्या आहेत? माझे स्वतःचे चुलते रिक्षाला होते, म्हणून हे जरा लागून लिहिले गेले.

मंडळाने आजवर काय केले, हे नव्या मंडळींसाठी थोडक्यात. दर २ जानेवारीला हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम. भाई माथेरानचेच, इथे १९१२ साली जन्मले आणि १९४३ साली सिद्धगडावर इंग्रज पोलिसांशी लढताना धारातीर्थी पडले. थंडीत, सकाळी, माणसे दहा असोत की शंभर, कार्यक्रम चुकलेला नाही. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेले आणि २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत नेरळहून गाडी वर आली नाही. त्या काळात आम्ही गाडीवरच्या आणि बाजारातल्या जुन्या माणसांच्या आठवणी फोनवर ध्वनिमुद्रित केल्या. त्यातली सात माणसे आता नाहीत, आवाज आहेत.

देणगीदारांचे आभार मानताना अडचण अशी की कुणालाच नाव छापून नको. चपलांच्या दुकानातल्या आजींनी पहिले लोखंडी कपाट दिले आणि 'नाव लिहिलंत तर कपाट परत नेईन' अशी तंबी दिली. निवृत्त मुख्याध्यापक सर साठीनंतर मोडी शिकले, ते केवळ या वह्यांसाठी. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात भिंग घेऊन हजर. आमचे घोडेवाले चाचा हंगामाच्या पहिल्या रविवारची पहिली फेरी मंडळाला देतात, वर्षानुवर्षे, न मागता. गुजराती वह्या वाचायला बोरिवलीच्या एक ताई महिन्यातून एकदा अमन लॉजहून शटल गाडी पकडून वर येतात, स्वतःच्या तिकिटाने आणि स्वतःच्या डब्याने. त्यांनीच पहिल्यांदा सांगितले की धोब्याच्या हिशोबात 'लखमन' आणि हजेरीतला 'लक्षुमण' हा एकच माणूस आहे. आणि डोंबिवलीत स्थायिक झालेले आपले एक माथेरानकर दर गुढीपाडव्याला एक हजार एक रुपये पाठवतात, सोबत एकच ओळ, 'वाळवीवर लक्ष ठेवा'.

वाळवीवरच आलो. २६ जुलै २००५ च्या पावसात, हॉटेल उभे असतानाच, ही ट्रंक एकदा भिजलेली आहे. पानांना तांबड्या मातीच्या रेषा आहेत आणि कडा एकमेकींना चिकटल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात कसर लागली. उचलीच्या एका वहीची शेवटची वीस-बावीस पाने उचलताना भुकटी झाली. त्या वीस पानांत कुणाचे आजोबा होते ते आता कळणार नाही. मी त्या दिवशी घरी जेवलो नाही. दिवाळीच्या पत्रकाला थोडा प्रतिसाद मिळाला असता तर ती पाने उन्हाळ्यातच स्कॅन झाली असती. हे बोलून दाखवायचे नव्हते, पण लिहिले गेले, राहू दे.

मागणी अशी : एकूण खर्च अंदाजे १,४०,००० रुपये (पाने सुटी करणे-सुकवणे-स्कॅनिंग ७२,०००, मोडी व गुजराती वाचनाचे मानधन ४०,०००, ओल न धरणारे कपाट २८,०००), जमले ३८,५००, बाकी तुम्ही. मुदत ३१ मे, कारण जूनमध्ये पाऊस आणि काम पुन्हा ऑक्टोबरवर. शंभर रुपयेही चालतील, पावती मिळेल. खाते क्रमांक व क्यूआर कोड कार्यालयाच्या फलकावर आणि सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर आहे. गटात नसाल तर ओळखीच्या सभासदाकडून मागवा, अनोळखी नंबरवरून आलेल्या कोडवर पैसे टाकू नका. पैसे जमत नसतील तर मोडी वाचणारे माणूस द्या, जुना फोटो द्या (मूळ प्रत नको, आम्ही तिथेच फोटो काढू), हॉटेलचे बिल, चमचा, टॉवेल, काहीही. टॉवेल बऱ्याच घरांत असणार, लाजू नका, आता मागायला कुणी येणार नाही. परगावी, परदेशी असलेल्यांनी निदान घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला फोन करून 'आपले कोण त्या हॉटेलात होते?' एवढे विचारावे आणि उत्तर आम्हाला कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता.क. : वह्या बघायला रविवारी सकाळी दहा ते एक या वेळेत या. हात कोरडे ठेवून या, मोटारी थांबतात त्या दस्तुरीपासून चालत आलात तर आधी माती धुवा. खाण्याच्या पिशव्या बाहेर ठेवाव्यात. गेल्या महिन्यात एका पाहुण्याच्या चिवड्यापायी माकड खिडकीतून आत आले आणि धोब्याच्या हिशोबाचे एक पान घेऊन गेले. ते पान हमालकाकांनी दोन दिवसांनी जांभळीखालून शोधून आणले, पण अर्धेच.