आईचे गुडघे आणि साखर

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर आई म्हणाली, "गुडघे वयामुळे गं, त्यात साखरेचा काय संबंध?" फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहिते आहे. संबंध आहे, आणि बराच आहे.

आई, गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची ती गुळगुळीत गादी, कोलॅजेनच्या धाग्यांनी विणलेली असते. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की ती या धाग्यांना चिकटते आणि त्यांचा लवचीकपणा जातो. कूर्चा त्वचेसारखी भराभर नवी होत नाही, त्यामुळे चिकटलेलं तिथेच साचत जातं, गादी कडक होते आणि लवकर झिजते. दोन वर्षांपूर्वी तुझा खांदा आखडला होता, वेणी घालता येत नव्हती, आठवतं? तो फ्रोझन शोल्डरही मधुमेह्यांना इतरांपेक्षा जास्त होतो. तेव्हाही आपण वयावरच ढकललं.

हाडांचं तर आणखी फसवं. बाबा, तुम्ही डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट "घनता उत्तम" म्हणून पाठवलात, तेव्हा मीही निर्धास्त झाले. पण टाइप २ मधुमेहात घनता चांगली दिसूनही हाड मोडण्याचा धोका जास्त असतो. त्यात आईचे तळवे बधिर, पाऊल कुठे पडतंय ते कळत नाही. रात्री बाथरूमचा दिवा चालूच ठेवा. बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या, इतकी वर्षं मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेतल्यावर ते कमी झालेलं असू शकतं.

मार्चमधलं ते इंजेक्शन मात्र मनातून जात नाही. गुडघ्यात स्टेरॉइड दिलं, दुसऱ्या दिवशी साखर ३४० आणि तुम्ही दोघं रात्रभर जागे. या इंजेक्शनने काही दिवस साखर चढते, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर! मला अजून राग येतो. पुढच्या वेळी सुई टोचण्याआधीच मधुमेहाचं सांगा. आणि बाबा, मेडिकलमधली ती दुखण्याची गोळी डॉक्टरांना न विचारता रोज देऊ नका, मधुमेहात मूत्रपिंडं आधीच नाजूक.

दुखतं म्हणून आईने नेहरू पार्कला जाणं सोडलं. चालणं थांबलं, साखर वाढली, मांड्यांतली ताकद गेली, सगळा भार गुडघ्यांवर आला. मला वाटतं सुरुवात मांड्यांपासून करावी. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, हळूच खाली. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मग घराजवळच दहा मिनिटं चालणं. वजन एक किलो उतरलं तरी दर पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोंनी कमी होतो. रविवारचे पोहे राहू देत, थोडे. जिलबी मात्र घरात नको, बाबा. तुम्ही एकटे खात नाही आणि आईला नाही म्हणवत नाही.

गुडघा बदलायची वेळ आलीच, तरी साखर आटोक्यात नसेल तर जंतुसंसर्गाची भीती असते, डॉक्टर थांबायलाच सांगतात. म्हणून या आठवड्यात एचबीए१सी ही रक्ततपासणी करा. त्यात गेल्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशेब येतो, आदल्या दिवशीच्या उपासाने तो बदलत नाही. आकडा काहीही येवो, मला खरा सांगा.

गणपतीच्या आधी अवंतिका एक्स्प्रेसने येते आहे. आईसाठी मऊ तळाच्या, मागून पट्टा असलेल्या चपला घ्यायच्या आहेत. पायाला सूज असते, तेव्हा संध्याकाळी कागदावर पाऊल ठेवून माप काढा आणि फोटो पाठवा.

तुमची,
मनू